रिजायना पॅट्स : शंभर वर्षांहून जुन्या ज्युनियर संघाला ‘तोच संघ’ कशाच्या आधारे म्हणायचे?

प्रश्न
लेखन : निळी रेषा

कॅनडातील ज्युनियर आईस हॉकीविषयी वाचताना सस्कॅचवान प्रांताच्या राजधानीतील रिजायना पॅट्स या संघाचे वर्णन वारंवार आढळते. हा संघ १९१७ मध्ये स्थापन झाला असून, आपल्या मूळ शहरात आणि मूळ नावाने आजही खेळणारा तो जगातील सर्वांत जुना मेजर ज्युनियर (म्हणजे ज्युनियर हॉकीच्या वरच्या स्तरावरील) संघ आहे, असे सांगितले जाते. हे वाचून मला एक मूलभूत प्रश्न पडला. ज्युनियर संघात साधारणपणे सोळा ते वीस वर्षे वयाचीच मुले खेळतात, म्हणजे कोणताही खेळाडू फार तर चार-पाच हंगाम संघात राहतो आणि वयाची मर्यादा ओलांडताच त्याला बाहेर पडावे लागते. व्यावसायिक संघात एखादा खेळाडू पंधरा-वीस वर्षे राहून संघाची ओळख बनू शकतो, ती सोय येथे नाही. त्यातच या संघाचे मालक, मैदान आणि लीग हे सारे वेळोवेळी बदलत आले आहे. मग १९१७ चा संघ आणि आजचा संघ यांना जोडणारा धागा नेमका कोणता?

याला जोडून एक लहान शंकाही आहे. पॅट्सने मेमोरियल कप हा कॅनडातील ज्युनियर हॉकीचा सर्वोच्च करंडक चार वेळा, म्हणजे १९२५, १९२८, १९३० आणि १९७४ मध्ये जिंकल्याची नोंद दिसते. परंतु विजेत्यांच्या यादीत १९२८ समोर ‘रिजायना मोनार्क्स’ असे नाव आहे. ही चूक आहे की त्यामागे काही कारण आहे? ज्यांनी या संघाचा इतिहास क्रमाने अभ्यासला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १
लेखन : जुनी पाने

आपल्या शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण मुख्य प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात दडलेले आहे. १९२८ चा करंडक रिजायना शहरातीलच मोनार्क्स या संघाने ओटावा गनर्सला हरवून जिंकला. मोनार्क्स पुढे पॅट्समध्ये विलीन झाला आणि त्यामुळे त्याचे यश पॅट्सच्या खात्यात धरले जाते. यादीतले नाव बरोबर आहे आणि संघाचा दावाही निराधार नाही. फक्त दोघांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. एखाद्या अभ्यासकाने तीनच करंडक मोजायचे ठरवले, तर त्यालाही मी चूक म्हणणार नाही.

आता नावाकडे वळू. १९१७ मध्ये स्थापना झाली तेव्हा संघाचे पूर्ण नाव ‘रिजायना पॅट्रिशिया हॉकी क्लब’ असे होते. राजकन्या पॅट्रिशिया ही व्हिक्टोरिया राणीची नात. तिचे वडील ड्यूक ऑफ कॅनॉट हे १९११ ते १९१६ या काळात कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. परंतु त्या वर्षांत हे नाव उच्चारताच सामान्य कॅनेडियन माणसाच्या मनात राजवाडा नव्हे, तर पलटण उभी राहत असे. ऑगस्ट १९१४ मध्ये हॅमिल्टन गॉल्ट या धनिकाने स्वतःचे एक लाख डॉलर देऊन जी पायदळाची पलटण उभारली, तिला राजकन्येचे नाव देण्यात आले होते : प्रिन्सेस पॅट्रिशियाज कॅनेडियन लाइट इन्फन्ट्री. राजकन्येने या पलटणीचे निशाण स्वतःच्या हातांनी भरले होते. पलटणीतील सैनिकांनाही ‘पॅट्स’ असेच म्हटले जाई. १९१७ हे वर्ष पहिल्या महायुद्धातील विमी रिज आणि पाशेंडेल या लढायांचे होते आणि त्या दोन्ही लढायांत ही पलटण होती. संघातील मुलांच्या थोरल्या भावांचे वय सैन्यात जाण्याचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे ज्युनियर संघाला हे नाव का सुचले, ते वेगळे सांगावे लागत नाही.

मेमोरियल कपही त्याच काळाची देणगी आहे. ऑन्टारियो हॉकी असोसिएशनने पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ हा करंडक दिला आणि १९१९ मध्ये त्यासाठीची पहिली अंतिम लढत झाली. पश्चिमेकडून तेथे पोचलेला संघ म्हणजे आपला रिजायना पॅट्रिशिया. समोर युनिव्हर्सिटी ऑफ टोरंटो स्कूल्स हा संघ होता. दोन सामन्यांतील एकूण गोलांवर निकाल लागायचा होता आणि पॅट्सने ते सामने ३-१४ आणि ५-१५ असे गमावले. इतका एकतर्फी पराभव संघाच्या गौरवपर इतिहासांत एका ओळीत उरकला जातो. मला मात्र तो फार बोलका वाटतो. त्या काळी पूर्वेकडील शाळा-महाविद्यालयांचे हॉकी आणि प्रेअरीतील, म्हणजे पश्चिमेच्या गवताळ मैदानी प्रदेशातील, नव्या शहरांचे हॉकी यांत किती अंतर होते, हे त्या दोन आकड्यांतून कळते. हे अंतर किती झपाट्याने मिटले तेही पाहण्याजोगे आहे. १९२२ मध्ये पॅट्स पुन्हा अंतिम फेरीत हरले, १९२५ मध्ये त्यांनी टोरंटोच्याच ऑरा ली संघाला हरवून करंडक पश्चिमेला नेला आणि १९३० मध्ये त्याची पुनरावृत्ती केली.

१९२५ च्या त्या संघात जॉनी गॉट्सेलिग नावाचा मुलगा होता. रशियन साम्राज्यात जन्मलेला आणि लहानपणी कुटुंबासह रिजायनाला आलेला हा खेळाडू पुढे शिकागोच्या व्यावसायिक संघाचा कर्णधार झाला. प्रेअरीत येऊन स्थायिक होणाऱ्या कुटुंबांची मुले या संघाच्या वाटेने मोठ्या लीगमध्ये पोचत होती. आपण ज्या धाग्याविषयी विचारता, तो धागा मला खेळाडूंपेक्षा या वाटेत दिसतो.

प्रतिसाद २
लेखन : तिसरा कालखंड

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु ‘शहराचा संघ’ हे चित्र १९३० नंतरच्या काळाला जसेच्या तसे लावता येणार नाही, असे मला वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन दशके ज्युनियर संघांची खरी सूत्रे एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या संघांकडे होती. तेव्हा खेळाडूंची निवड आजच्यासारखी खुल्या पद्धतीने होत नसे. एनएचएलमधील प्रत्येक संघ काही ज्युनियर संघांना पैसा पुरवी आणि त्या बदल्यात तेथील मुलांवर पुढील हक्क मिळवी. पॅट्सवर माँट्रियल कॅनेडियन्सचा हात होता. म्हणजे मुले रिजायनाच्या पोशाखात खेळत, पण त्यांचे भवितव्य दोन हजारांहून अधिक किलोमीटरांवरील एका कार्यालयात ठरत असे.

या पद्धतीने संघाला बळ नक्कीच मिळाले. १९५०, १९५२, १९५५, १९५६ आणि १९५८ अशा पाच वर्षी पॅट्स मेमोरियल कपच्या अंतिम फेरीत पोचले. मात्र पाचही वेळा ते पूर्वेकडील संघांकडून पराभूत झाले. त्यांतही १९५५ आणि १९५६ मध्ये लागोपाठ टोरंटो मार्लबरोज या एकाच संघाकडून. १९५८ ची लढत तर विलक्षणच म्हणावी लागेल, कारण समोरचा ओटावा-हल संघही माँट्रियलच्याच छत्राखालचा होता. कोणीही जिंकले तरी मालाचे धनी एकच! त्या वर्षी पॅट्सकडून खेळलेला रेड बेरेन्सन नंतर मिशिगन विद्यापीठाचा नामवंत प्रशिक्षक झाला, तर त्याचा सहकारी बिल हिकी अनेक वर्षांनी परत येऊन संघाच्या मालकांपैकी एक झाला.

एनएचएलने १९६३ मध्ये ड्राफ्ट, म्हणजे क्रमवार निवडीची पद्धत, सुरू केली आणि दशक संपेपर्यंत जुनी प्रायोजकत्वाची व्यवस्था मोडीत निघाली. याच संधिकाळात पॅट्सच्या इतिहासातील सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण घडले आणि त्याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी फार घाईने केला जातो.

१९६६ मध्ये पश्चिमेकडील काही संघांनी आपल्या प्रांतिक लीग सोडून एक मोठी, बलवान लीग उभारली. एडमंटनचे बिल हंटर हे त्यातील प्रमुख चालक होते आणि पॅट्स संस्थापक संघांपैकी एक होता. आजच्या वेस्टर्न हॉकी लीगचा जन्म तो हाच. परंतु कॅनडातील हौशी हॉकीच्या राष्ट्रीय संघटनेने या लीगला मान्यता नाकारून तिला बंडखोर ठरवले. त्यामुळे या लीगमध्ये राहायचे तर मेमोरियल कपवर पाणी सोडायचे, असा पेच पुढे निर्माण झाला. दोन हंगामांनंतर, १९६८ मध्ये, पॅट्सने मूस जॉ आणि वेबर्न या शेजारच्या संघांबरोबर ती लीग सोडली आणि ते सस्कॅचवानच्या प्रांतिक लीगमध्ये परतले. या निर्णयाचे फळ लगेच मिळाले. १९६९ मध्ये डॉफिन किंग्जला हरवून पॅट्स पश्चिमेचे विजेते ठरले आणि मेमोरियल कपच्या अंतिम फेरीत पोचले. तेथे त्यांची गाठ जिल्बेर पेरो, रेजाँ ऊल आणि मार्क तार्दिफ यांच्या माँट्रियल ज्युनियर कॅनेडियन्सशी पडली आणि त्यांनी ओळीने चारही सामने गमावले. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये ऊल आणि तार्दिफ पहिल्या दोन क्रमांकांवर निवडले गेले, एवढे सांगितले तरी प्रतिस्पर्ध्याचे बळ ध्यानात येईल.

१९७० मध्ये ज्युनियर हॉकीची अधिकृतपणे दोन स्तरांत विभागणी झाली आणि त्याच वर्षी पॅट्स पश्चिमेच्या मोठ्या लीगमध्ये परत आले. या दोन वर्षांच्या माघारीला काही जण कचखाऊपणा म्हणतात. मला तो व्यवहारी निर्णय वाटतो, कारण ज्या करंडकाची पहिलीच अंतिम लढत आपण खेळलो, त्याच्यापासून दूर राहणे या एका संघाला इतरांपेक्षा जास्त जड गेले असणार.

प्रतिसाद ३
लेखन : निळी रेषा (मूळ प्रश्नकर्ता)

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. १९२८ चा उलगडा झाला आणि १९६८ ची माघार मला अजिबात ठाऊक नव्हती. आता आणखी एक विचारतो. १९७४ नंतर या संघाला एकदाही मेमोरियल कप जिंकता आलेला नाही, परंतु त्यानंतरही एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेले खेळाडू येथून निघाले आहेत. असे खेळाडू हाती असताना करंडक का मिळू नये?

प्रतिसाद ४
लेखन : बाकावरून

आपल्या या प्रश्नाला एकच उत्तर देता येईल असे वाटत नाही. तरीही घटना क्रमाने मांडतो.

१९७४ चा संघ एकहाती नव्हता, हे सर्वप्रथम लक्षात घ्यावे. बचावफळीत ग्रेग जोली, आघाडीवर डेनिस सोबचक आणि क्लार्क गिलीज, गोलरक्षणास एड स्टॅनिऑस्की आणि प्रशिक्षक बॉब टर्नर, असा तो जमून आलेला संच होता. कॅल्गरी येथील तीन संघांच्या स्पर्धेत त्यांनी अंतिम सामन्यात क्वेबेक रम्पार्सला ७-४ असे हरवले आणि जोली स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. काही दिवसांतच नव्याने स्थापन झालेल्या वॉशिंग्टन कॅपिटल्सने त्याला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडले. त्या बिचाऱ्याच्या वाट्याला मात्र ८० पैकी केवळ ८ सामने जिंकणारा संघ आला. गिलीज मात्र न्यूयॉर्क आयलंडर्समध्ये गेला आणि १९८० ते १९८३ असे सलग चार स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपदाचे करंडक, जिंकला. स्टॅनिऑस्की निवृत्तीनंतर कॅनडाच्या सैन्यात अधिकारी झाला. पलटणीवरून नाव घेतलेल्या संघाच्या गोलरक्षकाची ही वाटचाल मला नेहमीच विशेष वाटत आली आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हे सारे जवळपास एकाच वेळी बाहेर पडले. ज्युनियर संघ फळाला येतो तो एका-दोन हंगामांसाठी आणि त्यानंतर तो मुळापासून नव्याने लावावा लागतो. पॅट्सही पुढील दोन-तीन वर्षांत तळाशी गेले.

दुसरा बहर १९८० चा. ब्रायन मरी यांच्या प्रशिक्षणाखाली संघाने लीगचे विजेतेपद मिळवले. डग विकनहायझरने त्या हंगामात ८९ गोल आणि ८१ साहाय्य (सहकाऱ्याच्या गोलाला लावलेला हातभार) असे १७० गुण केले आणि माँट्रियलने त्याला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडले. त्याच शहरात वाढलेल्या डेनिस सव्हार्डला डावलून ही निवड झाल्यामुळे तिची चर्चा पुढे अनेक वर्षे चालली आणि विकनहायझरला तिचे ओझे वाहावे लागले.

त्या वर्षी मेमोरियल कपचे सामने ब्रँडन आणि रिजायना येथे होते, म्हणजे पॅट्स घरच्या प्रेक्षकांसमोर होते. तीन संघांच्या साखळीत पीटरबरो पीट्सने अंतिम फेरी आधीच गाठली होती. शेवटच्या साखळी सामन्यात त्यांनी कॉर्नवॉल रॉयल्सला हरवले असते, तर दुसरी जागा पॅट्सला मिळाली असती. पीट्स तो सामना हरले, पॅट्स बाहेर पडले आणि पीट्सने मुद्दाम ढिलाई केली असा संतप्त आरोप झाला. आरोप सिद्ध झाला नाही आणि तो आज नव्याने उकरून काढण्यात अर्थ नाही. अंतिम सामन्यात कॉर्नवॉलने पीट्सला अतिरिक्त वेळेत ३-२ असे नमवले, हेही ध्यानात ठेवावे. माझ्या मते खरा दोष स्पर्धेच्या रचनेत होता : तीन संघांच्या साखळीत एकाची जागा आधीच पक्की झाली, की शेवटच्या सामन्याचा निकाल त्याच्यासाठी बिनमहत्त्वाचा ठरतो आणि तिसऱ्याचे नशीब मात्र त्यावर टांगलेले राहते. १९८३ पासून यजमानासह चार संघांची पद्धत आली आणि पहिल्याच वर्षी यजमान पोर्टलंड विंटर हॉक्स करंडक घेऊन गेले.

यजमानपदाची ती जागा पॅट्सच्या वाट्याला आली २०१८ मध्ये, स्पर्धेच्या शंभराव्या वर्षी. आदल्या हंगामात हा संघ ऐन भरात होता. सॅम स्टीलने ५० गोलांसह १३१ गुण करून लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले होते, पण लीगच्या अंतिम फेरीत सिॲटल थंडरबर्ड्सने पॅट्सला ४-२ असे हरवले होते. २०१८ मध्ये यजमान म्हणून पॅट्स मेमोरियल कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि अकाडी-बाथर्स्ट टायटनकडून ०-३ असे हरले. १९१९ ला पहिली अंतिम लढत हरलेला संघ शंभराव्या वर्षीची अंतिम लढतही हरला.

आता २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला कॉनर बेडार्ड. वेस्टर्न हॉकी लीगमध्ये पंधराव्या वर्षी पूर्ण हंगाम खेळण्याची विशेष अनुमती मिळालेला तो पहिला खेळाडू. २०२० मध्ये पॅट्सने त्याला निवडले आणि २०२२-२३ मध्ये त्याने ५७ सामन्यांत ७१ गोल आणि ७२ साहाय्य अशी कामगिरी केली. बादफेरीच्या पहिल्याच मालिकेत सस्काटूनविरुद्ध सात सामन्यांत त्याने २० गुण मिळवले, तरीही पॅट्स ती मालिका ३-४ ने हरले. हॉकीत आघाडीचा खेळाडूही सामन्याच्या निम्म्याहून कमी वेळ बर्फावर असतो. उरलेल्या वेळेत बाकीच्यांना किल्ला लढवावा लागतो. त्यातच वीस वर्षांचे तीनच खेळाडू संघात ठेवता येतात, त्यामुळे अनुभव विकत घेऊन साठवण्यालाही मर्यादा आहे.

प्रतिसाद ५
लेखन : जुनी पाने

श्री. बाकावरून यांच्या विवेचनात एक भर घालतो. २०१० मध्ये मेमोरियल कप नव्याने अर्पण करण्यात आला आणि आता तो कॅनडासाठी प्राण दिलेल्या सर्वांच्या स्मरणार्थ आहे. ‘तिसरा कालखंड’ यांनी माझ्या चित्रातील जी त्रुटी दाखवली, ती मला मान्य आहे. प्रायोजकत्वाच्या काळात संघ केवळ शहराचा नव्हता. तरीही त्याच काळातील, सस्कॅचवानमध्येच जन्मलेला पॅट्सचा खेळाडू एड लिट्झेनबर्गर किंवा त्यानंतर अर्ध्या शतकाने आलेला जॉर्डन एबर्ली यांच्याकडे पाहिले, तर माझा मुद्दा पूर्णपणे सोडून द्यावासा वाटत नाही. २००९ च्या जागतिक ज्युनियर स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात रशियाविरुद्ध अवघे ५.४ सेकंद उरले असताना बरोबरीचा गोल करणारा एबर्ली हा रिजायनाचाच मुलगा आणि तेव्हा तो पॅट्सकडूनच खेळत होता.

प्रतिसाद ६
लेखन : तिसरा कालखंड

एबर्लीचे उदाहरण योग्य आहे, पण बेडार्ड ब्रिटिश कोलंबियातून आला होता आणि गिलीज शेजारच्या मूस जॉचा होता. १९९० पासून वेस्टर्न हॉकी लीगमधील संघ चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची क्रमवार निवड करतात. त्यामुळे कोणता मुलगा कोणत्या गावी जाईल, हे त्याच्या पत्त्यावर अवलंबून राहत नाही. बाहेरून आलेली मुले स्थानिक कुटुंबांच्या घरी राहतात, तेथूनच शाळेत जातात आणि प्रत्येक हंगामामागे त्यांना एका वर्षाच्या उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळते. एके काळी ही मुले अमेरिकी विद्यापीठांच्या स्पर्धांना मुकत असत. ऑगस्ट २०२५ पासून तो निर्बंधही उठला आहे. मूळ प्रश्नकर्त्यांना धागा शोधायचाच असेल, तर तो खेळाडूंच्या जन्मगावापेक्षा या घरांमध्ये शोधावा, असे मी सुचवेन. तेथील मुले दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, पण घरे त्याच शहरातली असतात.